‘बियुस’ : फारसी बेहोशीचा मलय संसार

मलय ही सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांपैकी एक आणि राज्यघटनेने मान्य केलेली राष्ट्रभाषा आहे. त्या भाषेत औषधाचा किंवा मादक द्रव्याचा प्रयोग करून एखाद्याची शुद्ध हरपवणे या क्रियेसाठी ‘मंबियुस’ हे क्रियापद वापरतात. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला भूल देणे, दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करणे, वस्तीत शिरलेल्या जनावराला दुरून सुई मारून निपचित पाडणे आणि चोराने वाटसरूच्या खाण्यापिण्यात काही कालवून त्याला गुंगवणे, या चारही गोष्टी मलय भाषक एकाच क्रियापदाने सांगतो. भूलतज्ज्ञ म्हणजे ‘पाकार बियुस’ आणि भुलीचे औषध म्हणजे ‘ऊबात बियुस’. शब्दाचा गाभा ‘बियुस’ एवढाच असून त्याला मलय व्याकरणाचे उपसर्ग लागत जातात: ‘मं’ लागला की कर्ता दुसऱ्यावर ती क्रिया करतो, ‘दि’ लागला की तीच क्रिया कर्मणी होते, ‘पं’ लागला की ती करणारा माणूस किंवा ज्याने ती घडते ते द्रव्य सूचित होते, आणि ‘तर’ लागला की इच्छा नसताना तशी अवस्था ओढवल्याचा अर्थ येतो. इतक्या सहजपणे उपसर्ग लावून घेणारा हा शब्द अस्सल मलय असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो फारसी आहे, आणि मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात त्याचे सख्खे नातलग आहेत.

‘बियुस’चे मूळ रूप ‘बेहोश’. त्यातील ‘बे’ हा अभाव दाखवणारा फारसी उपसर्ग आणि ‘होश’ म्हणजे भान, जाणीव, समज. मलय उच्चारात या शब्दाचे जे झाले ते त्या भाषेच्या नेहमीच्या सवयींना धरून झाले. दोन भिन्न स्वरांमध्ये सापडलेला ‘ह’ मलय बोलण्यात क्षीण होतो आणि पुष्कळदा गळून जातो. ‘जाणणे’ या अर्थाचा ‘ताहु’ हा शब्द बोलताना ‘ताउ’ होतो तो याच सवयीमुळे. जुन्या मलयमध्ये ‘श’ हा ध्वनी नव्हता, म्हणून बाहेरून आलेला ‘श’ पुष्कळदा ‘स’ झाला; फारसी ‘किशमिश’ मलयमध्ये ‘किसमिस’ झाली आणि योगायोगाने मराठी वाण्याच्या दुकानातही ती त्याच रूपात विकली जाते. ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांचा ‘इ’ आणि ‘उ’ होणे हेही नवल नव्हे, कारण खुद्द इराणच्या आजच्या फारसीत हा शब्द ‘बीहूश’ असाच ऐकू येतो, तर भारतीय भाषांनी जुना ‘बेहोश’ उच्चार जपून ठेवला आहे. ‘ओ’चा ‘उ’ करण्यात मराठीही मागे नाही. ‘होशयार’, म्हणजे भानावर असलेला, सावध, या फारसी शब्दापासून मराठीने ‘हुशार’ घडवला. पुढे त्याचा अर्थ बुद्धिमान असा स्थिरावला, तरी दुखण्यातून उठलेल्या माणसाला ‘आज जरा हुशारी वाटते’ असे म्हणताना मूळची जाग, मूळचे भान त्यात शिल्लक असते. मराठीतला हुशार आणि मलयमधला बियुस हे अशा रीतीने एकाच ‘होश’च्या दोन टोकांना उभे आहेत.

मराठीने मात्र ‘बेहोश’ जसाच्या तसा घेण्यापेक्षा वेगळी वाट धरली. तिने ‘बे’ ठेवला आणि ‘होश’च्या जागी आपला ‘शुद्ध’ बसवला, त्यातून ‘बेशुद्ध’ तयार झाला. त्याच साच्यात ‘भान’ घालून ‘बेभान’ आणि ‘ताल’ घालून ‘बेताल’ झाला. फारसी उपसर्ग आणि देशी किंवा संस्कृत शब्द यांची ही जुळणी मराठीत इतकी रुळली आहे की ‘बेशुद्ध’मध्ये दोन भाषा नांदतात याची जाणीवही कोणाला होत नाही. येथे मराठी आणि मलय यांच्यातला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मराठी बोलणाऱ्याला ‘बे’ म्हणजे नकार हे उमजते, म्हणून ‘बेशुद्ध’ हा त्याच्यासाठी अभावाचा शब्द राहतो: शुद्ध होती, ती गेली. मलय कानाला ‘बियुस’मधला ‘बि’ उपसर्ग म्हणून ऐकूच येत नाही. दोन तुकड्यांचा सांधा पुसला गेल्यामुळे तो एकसंध धातू झाला आणि अभाव सांगणाऱ्या विशेषणातून कृती सांगणारे क्रियापद जन्माला आले. ‘मंबियुस’मध्ये कोणाचे तरी काही नाहीसे होण्यापेक्षा कोणीतरी कोणाला काहीतरी करतो हा अर्थ पुढे येतो, आणि या शब्दाचा पुढचा सगळा इतिहास त्या कर्त्याभोवती फिरतो.

फारसी शब्द मलय द्वीपकल्पात पोहोचण्यासाठी इराणहून थेट गलबत यावे लागले असे नाही. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत हिंदी महासागरातील बंदरांचा व्यवहार ज्या भाषांतून चाले त्यांत फारसीचे स्थान मोठे होते, आणि मलयमध्ये टिकून राहिलेल्या फारसी शब्दांकडे पाहिले तर त्यांतले कितीतरी बंदराशी आणि बाजाराशी निगडित आहेत: ‘शाहबंदर’ म्हणजे बंदराचा अधिकारी, ‘नाखोदा’ म्हणजे जहाजाचा तांडेल, ‘सौदागार’ म्हणजे व्यापारी, ‘पासार’ म्हणजे बाजार. टोमे पिरेश हा पोर्तुगीज औषधविक्रेता १५१२ ते १५१५ या काळात मलाक्क्यात होता. सिंगापूरपासून जवळ असलेल्या त्या बंदरात व्यापारासाठी येणाऱ्यांची जी यादी त्याने आपल्या ग्रंथात दिली आहे तीत इराणी, तुर्क आणि गुजराती यांच्याबरोबर चौल, दाभोळ आणि गोवा येथील लोक व दख्खनच्या राज्यातले व्यापारीही आहेत. चौल निजामशाहीचे आणि दाभोळ आदिलशाहीचे बंदर होते, दोन्ही दरबारांत फारसी चालत असे, आणि बंदरावरच्या बोलीत मराठी व फारसी एकमेकींत मिसळत असत. ‘बेहोश’ला मलयमध्ये आणणारे हात गुजराती होते, इराणी होते की कोकणातले, हे ठरवण्याची गरज नाही, ज्या सागरी व्यवहाराने तो शब्द नेला त्या व्यवहारात कोकण किनारा पुरता सामील होता एवढे या यादीवरून स्पष्ट होते.

ईथर किंवा क्लोरोफॉर्म अजून कोणाच्या स्वप्नातही नव्हते अशा त्या काळात माणसाला बियुस करायचे ते कशाने, या प्रश्नाचे उत्तर मलय प्रदेशात एका झुडपाकडे बोट दाखवते. मलयमध्ये त्याला ‘कचुबुंग’ म्हणतात. मराठीत तो धोतरा. पांढरी किंवा जांभळी कर्ण्यासारखी फुले आणि काटेरी फळ असलेले हे झुडूप दोन्ही प्रदेशांत उकिरड्याकाठी, पडीक जागेत आपोआप वाढते. मलय द्वीपकल्पातील केलांतानमध्ये शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या जॉन डेस्मंड गिमलेट यांनी मलय विषे आणि त्यांवरचे तोडगे यांवर लिहिलेले पुस्तक १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चोरांकडून होणाऱ्या धोतऱ्याच्या वापराची चर्चा आहे. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे १९१२ ते १९२५ या काळातील संचालक आय. एच. बर्किल यांनी द्वीपकल्पातील उपयोगी वनस्पतींचा जो दोन खंडांचा कोश १९३५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही या झुडपाला जागा मिळाली आहे. ‘कचुबुंग’ हाच शब्द मलयमध्ये जांभळ्या रंगाच्या ॲमेथिस्ट या रत्नालाही लावतात, आणि त्या रत्नाच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘नशा न चढलेला’ असा आहे. मद्यापासून रक्षण करणारे म्हणून ग्रीकांनी जे रत्न अंगावर घातले त्याला मलय भाषेत गुंगी आणणाऱ्या फुलाचे नाव मिळावे हा शब्दांच्या जगातला विलक्षण योग म्हणावा लागेल.

चोरांच्या या रीतीची मराठी मुलखाला सर्वांत जवळची आणि जुनी छापील साक्ष गोव्यातून मिळते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि भारतातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. धोतऱ्यावरच्या संवादात त्याने सांगितले आहे ते असे की, चोर हे द्रव्य अन्नात मिसळून देतात, ते पोटात गेलेला माणूस भानावर राहत नाही, हसत सुटतो, भलताच उदार होतो आणि अंगावरचे दागिने कोणी काढून घेतले तरी घेऊ देतो. हा अंमल साधारण एक दिवस टिकतो. हसत हसत स्वतःचे दागिने देऊन टाकणाऱ्या माणसाचे हे चित्र वाचताना झोप आणि बेहोशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे चटकन ध्यानात येते. डोळे उघडे असतात, पाय चालतात, तोंडातून शब्दही निघतात. फक्त त्या सगळ्यावर देखरेख करणारा ‘होश’ जागेवर नसतो.

आधुनिक औषधविज्ञानाने या अवस्थेचे कारण उलगडले आहे. धोतऱ्याच्या बियांत आणि पानांत हायोसायमिन, स्कोपोलामिन आणि ॲट्रोपिन ही द्रव्ये असतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने वापरतात त्यांपैकी ॲसिटिलकोलिन हे अवधान आणि स्मरण यांसाठी अत्यंत महत्त्वाचे आहे. धोतऱ्यातील द्रव्ये त्या रसायनाचा निरोप स्वीकारणाऱ्या ग्राहींना, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूंना, अडवून धरतात. परिणामी तोंडाला कोरड पडते, नाडी जलद होते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो आणि त्या काळातल्या घटनांची नोंद स्मृतीत होतच नाही. चोराच्या दृष्टीने हा शेवटचा परिणाम सर्वांत मोलाचा ठरत असे, कारण शुद्धीवर आलेल्या वाटसरूला आपल्याला कोणी काय खाऊ घातले तेच आठवत नसे. एकोणिसाव्या शतकात भारतातील न्यायवैद्यकावर लिहिणाऱ्या डॉक्टरांनी या गुन्ह्याची दीर्घ चर्चा केलेली आढळते. नॉर्मन चेव्हर्स यांच्या १८५६ च्या ग्रंथात वाटसरूंवरच्या धोतराप्रयोगांना ठळक जागा आहे.

कायद्यानेही या क्रियेला वेगळे ओळखले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३२८ हे विष किंवा गुंगी आणणारे, नशा आणणारे अथवा अपायकारक द्रव्य दुसऱ्याला इजा करण्याच्या किंवा गुन्हा सुकर करण्याच्या हेतूने देण्याबद्दल होते. सामुद्रधुनी वसाहतींनी, म्हणजे सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून झालेल्या ब्रिटिश वसाहतीने, १८७१ मध्ये स्वतःची दंड संहिता केली ती भारतीय संहितेच्याच धर्तीवर, आणि ती १८७२ मध्ये अमलात आली. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर हा गुन्हा कलम १२३ मध्ये गेला. सिंगापूरच्या दंड संहितेत मात्र तो अजूनही ३२८ या जुन्या क्रमांकाखालीच आहे. गुन्ह्याचा गाभा येथेही तोच आहे जो ‘मंबियुस’ या क्रियापदाचा आहे: देणारा वेगळा आणि बेहोश होणारा वेगळा.

सिंगापूरच्या इतिहासात मादक द्रव्य म्हटले की धोतऱ्यापेक्षा अफूच आधी आठवते, आणि तरीही अफूच्या तंद्रीला मलय माणसाने सहसा बियुस म्हटले नाही, ही या शब्दाची सीमा समजून घेण्याची सर्वांत चांगली खूण आहे. स्टॅम्फर्ड रॅफल्सने १८१९ मध्ये ठाणे वसवल्यानंतर अवघ्या वर्षभरात, १८२० मध्ये, तेथील रेसिडेंट विल्यम फार्कर याने अफू आणि दारू विकण्याचे मक्ते लिलावाने दिले. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात वसाहतीच्या महसुलाचा जवळपास निम्मा वाटा अफूच्या मक्त्यातून येत राहिला. कच्ची अफू मुख्यतः पाटणा आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांतून, प्रत्येकी चाळीस गोळे भरलेल्या लाकडी पेट्यांतून येई. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई, आणि तिच्या जहाजांचा मार्गही मलाक्क्याच्या सामुद्रधुनीतून होता. मुंबईच्या कित्येक पेढ्यांची भरभराट ज्या मालावर झाली तोच माल ओढून सिंगापूरचे रिक्षावाले आणि गोदीतले हमाल दिवसाचा शीण घालवत होते, हे मुंबईचा इतिहास लिहिताना जितक्या स्पष्टपणे सांगितले जायला हवे तितके सांगितले जात नाही.

कच्ची अफू ओढता येत नाही. गोळा फोडून, पाण्यात विरघळवून, उकळून, गाळून आणि पुन्हा आटवून काकवीसारखा काळा दाट पाक करावा लागे; त्याला मलयमध्ये ‘चांदू’ म्हणत, आणि हा हिंदीतला ‘चंडू’च होय. ओढणारा कुशीवर आडवा होई, सळईच्या टोकावर चांदूचा थेंब घेऊन तो दिव्याच्या ज्योतीवर फुगेपर्यंत धरी, मग त्याची गोळी नळीच्या वाटीच्या बारीक छिद्रावर बसवून वाटी ज्योतीवर कलती करी आणि निघणारी वाफ एका दीर्घ श्वासात आत घेई. डॉ. लिम बून केंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०६ च्या सुमारास अफूविरोधी चळवळ उभारल्यावर, १९०७ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगानंतर सरकारने १९१० मध्ये मक्ते बंद केले, पण व्यापार बंद केला नाही. चांदू तयार करणे आणि विकणे सरकारने स्वतःकडे घेतले. पासिर पांजांगच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या सरकारी चांदू कारखान्यावरून त्या टेकडीला ‘बुकित चांदू’, म्हणजे चंडूची टेकडी, हे नाव पडले आणि ते आजही आहे. १४ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी फौजेविरुद्ध मलय पलटण तेथे लढली, आणि २००२ पासून तेथील एका जुन्या बंगल्यात त्या लढाईचे स्मारक-संग्रहालय आहे. अफू ओढण्यावर संपूर्ण बंदी आली ती युद्धानंतर, १ फेब्रुवारी १९४६ च्या लष्करी प्रशासनाच्या जाहीरनाम्याने, आणि १९५५ मध्ये सेंट जॉन्स बेटावर अफूबाजांसाठी उपचारकेंद्र सुरू झाले.

चांदू ओढून पडलेल्या माणसासाठी मलयकडे दुसरे शब्द होते आणि त्यांतला प्रत्येक शब्द त्या माणसाकडे निराळ्या बाजूने पाहतो. ‘माबुक’ हा मलयचा स्वतःचा, ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातला जुना शब्द असून तो शरीराच्या तोल जाण्याला लागतो; दारूची झिंग, सुपारी लागणे, प्रेमाने वेडेपिसे होणे आणि मराठीत ज्याला ‘बोट लागणे’ म्हणतात तो जहाजावरचा त्रास, हे सारे माबुकच. ‘खायाल’ हा अरबी शब्द त्याहून सूक्ष्म आहे. अरबीत ‘खयाल’ म्हणजे प्रतिमा, छाया, मनाने रचलेले रूप. छायानाट्याला अरबीत सावलीचा खयाल म्हणत, आणि मुस्लिम तत्त्वचिंतकांनी कल्पनाशक्तीच्या विचारात याच शब्दाच्या कुळातील संज्ञा वापरल्या. फारसीतून हिंदुस्थानात आल्यावर त्याचा अर्थ विचार, कल्पना असा झाला, आणि रागाचा विस्तार गायकाच्या कल्पनेवर सोपवणाऱ्या गायनप्रकाराला ‘ख्याल’ हे नाव मिळाले. मलयमध्ये मात्र ‘खायाल’ दिवास्वप्नाकडे झुकला आणि तेथून मादक द्रव्याच्या तंद्रीकडे घसरला. गुंगीच्या गोळ्यांना तिकडे ‘पिल खायाल’ म्हणतात. ग्वाल्हेर-किराण्याच्या गायकीत जो शब्द मनाच्या सर्वांत जागृत निर्मितीचे नाव झाला, त्यालाच मलय वृत्तपत्रांत पोलिसांच्या बातमीत जागा मिळावी, याची मराठी वाचकाला खंत वाटेल. पण ज्यांनी हा शब्द तिकडे वळवला त्यांनी अफूची तंद्री जवळून पाहिली होती, आणि त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते.

कारण अफू धोतऱ्यासारखी माणसाला बरळायला लावत नाही. तिच्यातील मॉर्फिन हे द्रव्य जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिश झेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे केले आणि त्यानेही नाव शोधले ते ग्रीकांच्या स्वप्नदेवतेचे, मॉर्फियसचे. मेंदूत मॉर्फिनला जागा देणारे ग्राही असतात हे १९७३ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले आणि १९७५ मध्ये ॲबर्डीनच्या जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच तयार करत असलेली, त्याच ग्राहींवर बसणारी वेदनाशामक द्रव्ये शोधून काढली. मॉर्फिन त्या ग्राहींवर बसले की वेदनेची धार जाते, जाग टिकवून ठेवणारी यंत्रणा मंदावते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि मात्रा वाढल्यास मेंदूच्या देठातील श्वसनकेंद्र थंडावून मृत्यू येतो. बाहुल्या विस्फारल्या असतील तर धोतरा आणि आकसल्या असतील तर अफू, ही खूण विषबाधेचे निदान करणाऱ्या डॉक्टरांना आजही उपयोगी पडते. अफूचा माणूस पेंगतो, मान छातीवर टेकते, हाक मारली तर ओ देतो आणि पुन्हा बुडतो. हिंदीत या अवस्थेला ‘पिनक’ असा खास शब्दच आहे. अफूमुळे मलय लोक बेफाम होऊन ‘आमोक’ करतात, म्हणजे दिसेल त्याच्यावर शस्त्र चालवतात, अशी समजूत युरोपीय प्रवाशांनी पसरवली होती. सुमात्राचा इतिहास १७८३ मध्ये लिहिणाऱ्या विल्यम मार्सडेनने ती अज्ञानातून आलेली, निराधार कल्पना आहे असे स्पष्ट बजावले. ‘खायाल’ हा शब्द मार्सडेनच्या बाजूने साक्ष देतो.

अफूची तंद्री माणूस स्वतःवर ओढवून घेतो, म्हणून तिला बियुस म्हणत नाहीत. व्यसनासाठी मलयमध्ये जो शब्द आहे तोही याच गोष्टीवर भर देतो: ‘तागिह’ म्हणजे येणे वसूल करण्यासाठी तगादा लावणे, आणि ‘पनागिह’ म्हणजे तगादा लावणारा, मादक द्रव्याच्या व्यसनी माणसाला हेच नाव आहे. शरीर रोज ठरल्या वेळी आपले येणे मागते आणि ते चुकवल्याशिवाय सुटका नसते, हे व्यसनाचे स्वरूप सावकारीच्या या शब्दात नेमके पकडले गेले आहे. मराठीने याच जागी सत्तेचा शब्द निवडला. अरबी ‘अमल’ म्हणजे कृती, व्यवहार. त्यातून राज्यकारभार या अर्थाने ‘अंमल’ आणि ‘अंमलदार’ आले, आणि द्रव्याचा शरीरावर चाललेला कारभार म्हणून ‘अंमल चढणे’ आणि ‘अमली पदार्थ’ हेही आले. पण अफूचीही एक रीत अशी होती जिला बियुसच म्हणावे लागेल. मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांनी दिवसभर रडू नये म्हणून त्यांना अफू घातलेल्या बाळागोळ्या देत, कारण पोटासाठी कामावर जाणे भाग होते आणि मूल सांभाळायला कोणी नव्हते. ते मूल व्यसनी नव्हते, त्याला गुंगवले जात होते, आणि त्या गुंगीचा दोष त्या आयांवर टाकण्याआधी गिरण्यांच्या कामाच्या तासांकडे पाहायला हवे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन याने ईथर हुंगवून रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी बेशुद्ध केले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरला. त्यानंतर जगातल्या प्रत्येक भाषेला या नव्या क्रियेसाठी शब्द लागला. सिंगापूरच्या भाषांनी तो आपापल्या जुन्या साठ्यातून काढला. चिनी भाषेतील ‘माझुई’ या शब्दात बधिर होणे आणि नशा चढणे ही दोन अक्षरचिन्हे जोडलेली आहेत. तमिळने घेरी, मोह, भुरळ असे अर्थ असलेला ‘मयक्कम’ घेतला. मलयने चोराच्या हातातला ‘बियुस’ उचलून शल्यचिकित्सकाच्या हाती दिला. मराठीने ‘भूल देणे’ असा प्रयोग रूढ केला, ज्यात विसर आणि मोह दोन्ही आहेत, आणि भूलतज्ज्ञ हा शब्द घडवला, जो सुटसुटीतपणात कोणत्याही संस्कृत पारिभाषिक शब्दाला हार जात नाही.

शब्द उचलला तेव्हा त्याच्यावरचा डाग मात्र राहिला नाही, आणि हे घडले कसे ते पाहताना मलयमधला आणखी एक शब्द शेजारी ठेवला पाहिजे. ‘दादाह’ हा जुन्या मलयमध्ये औषधी मुळ्या आणि वनस्पतींसाठी वापरला जाणारा शब्द होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हेरॉइनचा प्रश्न उभा राहिल्यावर, तोच शब्द बंदी असलेल्या अमली पदार्थांसाठी मुक्रर झाला. सिंगापूरने १९७१ मध्ये केंद्रीय अमली पदार्थ विभाग स्थापन केला आणि १९७३ मध्ये अमली पदार्थांच्या गैरवापराविरुद्धचा कडक कायदा केला, त्याच दशकात ‘दादाह’चा जुना औषधी अर्थ झपाट्याने मागे पडला. वैद्याच्या पेटीतला शब्द गुन्ह्यात गेला आणि गुन्हेगाराच्या पुडीतला शब्द शस्त्रक्रियागृहात आला. दोन्ही वेळा द्रव्य फारसे बदललेले नव्हते: स्कोपोलामिन आणि मॉर्फिन एकत्र टोचून प्रसूतीच्या वेळी अर्धवट गुंगी आणण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रसिद्धीस आली, म्हणजे धोतरा आणि अफू या दोघांचे अर्क तेथे एकाच सुईत होते. बदलली ती देणाऱ्याची नियत, मात्रेचे मोजमाप आणि घेणाऱ्याची संमती.

आज भूल देताना शिरेतून प्रोपोफॉल नावाचे दुधासारखे पांढरे औषध सोडतात. ते मेंदूतील पेशींना शांत करणाऱ्या गॅबा या रसायनाचा परिणाम वाढवते आणि काही क्षणांत रुग्णाची शुद्ध जाते, तर वेदना थांबवण्यासाठी मॉर्फिनच्याच कुळातली औषधे आणि स्नायू सैल करण्यासाठी तिसरेच औषध लागते. मलय भाषेत या सगळ्याला मिळून बियुसच म्हणतात. एवढेच नव्हे, तर दात काढताना फक्त हिरडी बधिर होते, रुग्ण टक्क जागा असतो, तरी त्याला ‘बियुस सतम्पात’, म्हणजे जागेपुरती भूल, हेच नाव आहे. ‘होश’ पूर्ण शाबूत असताना ‘बेहोश’ म्हणण्यात मलय माणसाला काही विसंगत वाटत नाही, कारण ‘बियुस’मधला ‘होश’ त्याच्यासाठी केव्हाच पुसला गेला आहे. सामुद्रधुनीच्या पलीकडे इंडोनेशियात हाच शब्द दोन्ही अर्थांनी नांदतो: तेथे ‘ओबात बियुस’ म्हणजे डॉक्टरचे भुलीचे औषधही आणि रस्त्यावर विकला जाणारा अमली पदार्थही, आणि एखाद्या गायिकेने श्रोत्यांना खिळवून ठेवले की ते ‘तरबियुस’ झाले असे म्हणतात, जसे मराठीत तिच्या गाण्याने त्यांना भुरळ घातली असे म्हटले असते.